आपल्या घरात तो कधी शिरला

देवपूर, धुळे
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. भूषण यास,

तुला, मेघाला आणि छोटीला रत्नाआत्याचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. पांझरेवरून असा वारा सुटतो की सकाळी दुधाची पिशवी आणायला जायचं जिवावर येतं. संक्रांतीचे लाडू यंदा पाकात चुकले आणि दगड झाले. शेजारच्या कुसुमलताबाईंनी एक खाल्ला आणि दुसरा पर्समध्ये टाकून घरी नेला, म्हणाल्या नातवाला देते. नातू सहा महिन्यांचा आहे. काय समजायचं ते मी समजले.

पत्र बघून तू कपाळाला हात लावला असशील. मोबाईल मला चांगला वापरता येतो, पण फोनवर मी घरचा विषय काढला की तुझ्याकडचं नेटवर्क जातं. सुरतेसारख्या एवढ्या मोठ्या शहरात फक्त तुझ्याच घरी आणि फक्त त्याच विषयाला ते कसं जातं, हे छत्तीस वर्षं शाळेत शिकवूनही मला उमगलेलं नाही. कागदाचं तसं नाही. मध्येच कंटाळून ठेवलास तरी उद्या तो तिथेच असतो. शेवटपर्यंत वाच, एवढंच माझं मागणं.

आधी दिपमालाची बातमी सांगते, नाहीतर पेन पुढे सरकायचं नाही. तुझ्या बहिणीला तिच्या धरणगावच्या शाळेने गेल्या शनिवारी व्याख्यानाला बोलावलं होतं. फाटकावर तिचा फोटो, खाली नाव, नावापुढे 'संशोधक, पुणे'. मी सकाळच्या एसटीने अमळनेरमार्गे गेले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. ती रांग पाहुण्यांसाठी राखीव होती. मला कोणी उठवलं नाही, उठवलं असतं तरी मी उठले नसते. मुख्याध्यापकांनी ओळख करून देताना 'भाईदास यांची कन्या' म्हटलं, तेव्हा मी जागेवरून सांगितलं, "आणि माझी भाची." सगळे हसले. हसू देत. या पोरीला बेरीज-वजाबाकी मी शिकवली आहे, सुट्टीत, याच घरात, तू अंगणात विटीदांडू खेळत होतास तेव्हा.

तिचा विषय होता, नवा विषाणू आपल्याला दिसण्याआधी कधीपासून फिरत होता. पुण्यात ती हेच काम करते. तासभर कागदाकडे न बघता बोलली. म्हणाली, पहिला सापडलेला रुग्ण आणि पहिला रुग्ण हे एकच नसतात. आपण शोधायला लागलो तेव्हा जो हाताला लागला, त्याला आपण पहिला म्हणून टाकलं. विषाणू एका अंगातून दुसऱ्या अंगात जाताना थोडाथोडा बदलतो. ते बदल मोजत मागेमागे गेलं की तो साधारण कधी निघाला याचा अंदाज येतो, पण अंदाजच. त्यावर मोठमोठी माणसं अजून भांडतायत.

समोर बसलेल्यांत निम्मे कपाशीवाले. त्यांना हे कितपत कळेल अशी मला धाकधूक होती. तर ही म्हणाली, "गुलाबी बोंडअळी आपल्याला बोंड उकललं की दिसते. ती आत शिरली कोणत्या दिवशी, हे उकललेलं बोंड बघून तुमच्यापैकी कोणी सांगेल का?" सगळ्यांच्या माना हलल्या. मागच्या रांगेत तुझा अमृतकाका हाताची घडी घालून बसला होता. त्याचीही मान हलली. मी वळून पाहिलं म्हणून मला दिसली.

भूषण, मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की परत येताना एसटीत शेजारच्या अनोळखी बाईला मी सगळं व्याख्यान पुन्हा ऐकवलं. ती पारोळ्याला उतरणार होती, मध्येच कुठेतरी उतरली.

आता पुढचं. रविवारी मी पुन्हा गेले. मळ्यात भरीत झालं.

हो, झालं. पाच वर्षांनी झालं. लेक आली म्हणून तुझ्या नानांनी, आमच्या भाईदासने, स्वतःहून काढलं. बामणोदची वांगी आणली, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ केला, विहिरीजवळच्या निंबाखाली सतरंज्या पडल्या. सगळी भावकी होती, शिवाय नेहमीप्रमाणे किराणावाले प्रकाशचंदशेठ. तुझे नाना भरीत कसं करतात हे तुला सांगायला नको, पण मला सांगायला आवडतं. तालुक्यात लग्न असो, निवडणूक असो, भरीत म्हटलं की भाईदासला बोलावणं येतं. वांगं भाजलं की नाही हे ते नाकाने ओळखतात. लाकडी बडजीत ठेचताना मीठ-मिरची किती लागणार ते वाफेच्या वासावर ठरवतात आणि चव घेऊन कधी बघत नाहीत. करणाऱ्याने आधी चाखायचं नाही हा आमच्या वडिलांनी, आबांनी घालून दिलेला नेम. पहिला घास घरातल्या मोठ्या माणसाचा. आबा होते तोवर तो आबांचा असायचा.

तर वांगी भाजत होती आणि लोक दिपाभोवती बसले होते. व्याख्यान सगळ्यांच्या डोक्यात होतं. आपल्याकडे तो नक्की कधी आला, यावर वाद सुरू झाला. शेठ म्हणाले, "बाई, त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या दुकानात सुंठ आणि ओवा टिकतच नव्हता. मी तेव्हाच म्हटलं होतं, काहीतरी नवं चाललंय." ते तेव्हा असं काही म्हणाले नव्हते, पण शेठना कोण अडवणार. भावकीतल्या रुपचंदने त्यांच्यावर कडी केली. "माले ते दसरालेच व्हयेल व्हता," म्हणाला. मग कोणाला गणपतीत, कोणाला श्रावणात. ज्या आजाराचं नाव काढलं की लोक दारं लावून घ्यायचे, तो पहिल्यांदा आपल्याला झाला हे सिद्ध करायला मळ्यात चढाओढ लागली. दिपा हसून हसून लाल झाली होती. म्हणाली, "असं करत गेलात तर तो आपल्याच तालुक्यातून जगात गेला म्हणतील."

तेवढ्यात कोणीतरी बोलून गेलं, "म्हणजे भूषण येवाना पहिलेच तो गावमा व्हता."

तिथे चढाओढ संपली. सगळे जाळाकडे बघायला लागले.

पाच वर्षांत त्या मळ्यात तुझं नाव मोठ्याने कोणी घेतलं नव्हतं. तुझी आई तुझ्यासाठी चिवडा-चकल्या घेऊन दर दिवाळीत माझ्याकडे येते, तू साक्रीमार्गे बसने येतोस, माझ्या बाहेरच्या खोलीत मायलेकरं भेटतात आणि दोघं दोन दिशांना जातात. मी चहा करते. पाच वर्षं माझं घर म्हणजे मधलं स्टँड झालं आहे. मी कधी काही विचारलं नाही, तूही बोलला नाहीस. आता ते सगळं एकदा सरळ लिहून टाकते. तुला माहीत आहे, पण आपल्या घरात ते कोणी उच्चारलेलं नाही.

सगळं बंद झालं त्याच्या आदल्या दिवशी तू सुरतेहून घरी आलास. तुला खोकला नव्हता की ताप. गावच्या शाळेत वेगळा राहिलास, सांगितलं तसं. तुझी तपासणी झाली नाही, कारण तेव्हा कोणाचीच होत नव्हती. एप्रिल लागता लागता आबा आजारी पडले, जळगावच्या दवाखान्यात नेलं ते परत आले नाहीत. रिपोर्ट ते गेल्यावर आला. अग्नी द्यायला मोजकी माणसं, तीही लांब उभी. दहाव्याला अमृत तुझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तू उना नी आबा गया." तू आलास आणि आबा गेले, एवढंच म्हणाला. तू त्याच्याकडे बघितलंस, आत जाऊन बॅग भरलीस आणि वाट खुली झाली त्या दिवशी निघून गेलास. तेव्हापासून तू त्या घराचा उंबरा ओलांडला नाहीस. तुझ्या लेकीने तर तो पाहिलेलाच नाही.

तर मळ्यात तुझं नाव निघालं आणि अमृतनेच तोंड उघडलं. दिपाला म्हणाला, "दिपा, तू शिकेल पोर शे. सरळ सांग. भूषणनी आना का नही?"

भूषण, एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हणाली असती की संपलं. आदल्याच दिवशी अख्ख्या गावाने तिला टाळ्या वाजवल्या होत्या, कोणी उलट विचारलं नसतं. तुझी आई हातातली पुरी तशीच धरून तिच्याकडे बघत होती. मी दिपाच्या शेजारी बसले होते, मी तिला कोपराने ढोसलं सुद्धा.

ती म्हणाली, "मला माहीत नाही, काका."

खरं सांगते, तेव्हा मला तिचा असा राग आला की तिथेच कान धरावासा वाटला. एवढं शिकून काय उपयोग, सख्ख्या भावासाठी एक शब्द निघत नाही, असं मनात आलं. अमृतही चिडला. "मंग इतलं शिकीसन काय करं?" म्हणाला. माझ्या मनातलं तो बोलला म्हणून मला त्याचाही राग आला.

आणि तेव्हा जाळाजवळून तुझे नाना उठले.

हातातला चिमटा तसाच. धुराने डोळे लाल. तुला ठाऊक आहे, ते चारचौघांत बोलत नाहीत, त्यांचं सगळं बोलणं भरितात असतं. म्हणाले, "मी सांगस."

त्याआधी तुला एका गोष्टीची आठवण करून देते. शेवटचं भरीत झालं ते आबा गेले त्याच वर्षीच्या जानेवारीत. तू नव्हतास, पण ऐकलं असशील, कारण त्यावरून पाच वर्षं माझी थट्टा चालली आहे. त्या दिवशीचं भरीत एवढं जहाल झालं की शेठच्या डोळ्यांतून पाणी थांबेना, आणि मीठ तर नावाला नव्हतं. वांगीही करपली होती. पण भाईदासच्या हातून चूक होणार कशी? खापर मिरच्यांवर फुटलं. त्या मिरच्या मी साक्रीच्या बाजारातून नेल्या होत्या. तेव्हापासून मी मळ्यात पाऊल टाकलं की कोणी ना कोणी विचारतंच, "अक्का, मिरच्या नही ना लई उनी?" म्हणजे, मिरच्या घेऊन नाही ना आलीस? मीठ कोणाच्या मिरच्यांनी खाल्लं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

नाना म्हणाले, "त्या दिन माले ताप व्हता. कोनले सांगं नही. माले वासच ये नही. धूर नही, लसून नही, काहीच नही. अंदाजेच टाकं." मग म्हणाले, "पहिला घास आबानी खाधा. आबा म्हने, चांगलं शे."

हे मात्र खरं. आबांनी तो घास गिळला, चांगलं शे म्हणाले आणि वर तांब्याभर मठ्ठा प्यायले. मी समोर होते. मुलाची लाज राखायला त्या म्हाताऱ्याने सगळं ताट संपवलं होतं.

नाना म्हणाले, "आबाले मन्हामुयेच लागनं व्हई. पोऱ्याले कसाले बोलतस?"

ज्या माणसाने आयुष्यात एका गोष्टीचा तोरा मिरवला, त्याने सगळ्या भावकीसमोर सांगितलं की ते भरीत मी बिघडवलं, आणि बाप माझ्यामुळे गेला. कशासाठी? तुझं नाव सुटावं म्हणून. पाच वर्षं भरीत का बंद होतं ते मला तेव्हा कळलं. आम्ही समजत होतो आबांच्या दुखवट्यात बंद आहे.

तुझी आई रडायला लागली. मला वाटलं, आता तरी दिपा काही बोलेल. बापाचं म्हणणं उचलून धरलं असतं तरी तू सुटला असतास. तिने तेही केलं नाही. उठली, नानांच्या हातातला चिमटा घेतला, त्यांना खाली बसवलं आणि म्हणाली, "नाना, मी हेही म्हणू देणार नाही. वास साध्या सर्दीतही जातो. तुम्हाला झाला तो हाच आजार होता असं मला म्हणता येत नाही, नव्हता असंही म्हणता येत नाही. तेव्हाचं रक्त कोणी ठेवलेलं नाही. आणि आबा तुमच्यानंतर अडीच महिन्यांनी आजारी पडले. तुमच्याकडून त्यांना लागला, हे कशातच बसत नाही."

मग सगळ्यांकडे वळून बोलली. आवाज चढवला नाही. शाळेत बोलली तशीच बोलली. "देशाचा अंदाज काढता येतो, तोसुद्धा महिन्या-दोन महिन्यांच्या फरकाने. एका घरात तो कोणाच्या पायाने आला, हे आता कुठलीही लॅब सांगू शकत नाही. दादाने आणला नाही, असं मी सांगू शकत नाही. दादाने आणला, असं तुमच्यापैकीही कोणी सांगू शकत नाही. आणि जो सांगतो, त्याच्याकडे माहिती नाही, काका. नुसता राग आहे."

तिथे माझा राग कुठल्या कुठे गेला. शाळेत टाळ्या पडल्या तेव्हा मला अभिमान वाटला होता, तो काहीच नव्हता. टाळ्यांसमोर कोणीही खरं बोलेल. स्वतःचा भाऊ आणि स्वतःचा बाप समोर असताना, खोटं बोलून दोघांपैकी एकाला सोडवता येत असताना, ही पोरगी 'माहीत नाही' या शब्दापासून तसूभर हलली नाही. आणि मी विचार करत राहिले, की नाही म्हणाली असती तर लोक म्हणाले असते, बहीण आहे, म्हणणारच. आता तसं म्हणायला कोणाला जागा राहिली नाही. ती तुझ्या बाजूने बोलली नाही म्हणूनच तुझ्यावरचा आरोप टिकला नाही. एवढी अक्कल मला या वयात नाही.

भरीत, बरं का, अप्रतिम झालं. पहिला घास नानांनी माझ्या ताटात वाढला, कारण आता घरात जुनी मीच. मी खाल्ला आणि सांगितलं, "चांगलं शे." ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "भाऊ, खरंच चांगलं झालंय." मग त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं. आणि माझ्या मिरच्या निर्दोष सुटल्या, हे मी त्या दिवशी तिथे बोलले नाही, प्रसंग तसा नव्हता. सोमवारी प्रत्येकाला वेगवेगळा फोन करून सांगितलं.

इथपर्यंत सगळं मी भरभरून लिहिलं. आता जे लिहायचं आहे त्याला हात जड होतोय.

अमृत जेवला नाही. पंगत बसली तेव्हा तो विहिरीकडे निघून गेला. मी ताट घेऊन मागून गेले. तो माझा धाकटा भाऊ, मी त्याला कडेवर घेऊन फिरवलेला, म्हणून मीच जाणार. म्हटलं, पोरीचं बोलणं मनाला लावून घेऊ नको. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "अक्का, मीच लई गयथू आबाले."

मीच घेऊन गेलो होतो, म्हणजे कुठे, हे मला आधी समजेना. मग एकेक करून बाहेर आलं. तू आलास त्याच सुमारास अमृत आबांना मोटारसायकलवर बसवून जळगावला घेऊन गेला होता, मोतीबिंदू दाखवायला. आबा नको म्हणत होते, लोक म्हणत होते बाहेर पडू नका, पण याने ऐकलं नाही. तिथे खोकणाऱ्या माणसांत दोघं सकाळपासून दुपारपर्यंत बसले. आबा आजारी पडले त्या दिवसापासून हे त्याच्या छातीवर बसलं होतं. दवाखान्याबाहेर बसला होता तेव्हा, जाळताना लांब उभा होता तेव्हा. दहाव्याला तू समोर आलास आणि त्याच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. म्हणाला, "भूषणनं नाव लिधं नी माले श्वास उना." तुझं नाव घेतलं आणि मला श्वास आला. पुढची पाच वर्षं तो त्या एका श्वासावर जगला, आणि रोज थोडा थोडा गुदमरत गेला. मी त्याला जवळ घेतलं. साठीचा माणूस, विहिरीच्या काठावर बसून लहान पोरासारखा रडला.

मी त्याची वकिली करत नाही. त्याने तुझ्याशी केलं ते वाईट केलं, आणि हे मी त्याला तिथेच सुनावलं. पण भूषण, तू त्या दिवशी त्याला उलटून एक शब्द बोलला नाहीस. तुझा स्वभाव गप्प बसण्याचा नाही. लहानपणी तू माझ्याशी एका लिमलेटच्या गोळीवरून तासभर भांडायचास. मग तेव्हा का गप्प राहिलास? मी माझ्या मनाशी उत्तर देते, चुकलं तर माफ कर. तुलाही तसंच वाटत होतं. काकाने आरोप केला म्हणून तू गेला नाहीस. तो तुला खरा वाटला म्हणून गेलास.

एका घरातली तीन माणसं. एक मळ्यात, एक घरात, एक सुरतेत. तिघांनाही वाटतंय की आबांना मी मारलं. कोणी कोणाला सांगत नाही, आणि मी मधल्या स्टँडवर चहा करत बसले आहे. तुझ्या धाकट्या बहिणीने तिघांनाही सांगितलं की ते कोणालाच माहीत नाही, आणि माहीत होणार नाही. हे ऐकायला कोरडं वाटतं. पण यापेक्षा मोठी माफी मी कुठे ऐकलेली नाही, आणि ती द्यायला आपल्याच घरची पोर लागली, याचा मला मरेपर्यंत अभिमान राहील.

तेव्हा आता माझं एक ठरलं आहे. माझ्याकडचं हे स्टँड बंद. येत्या दिवाळीला तुझ्या आईला मी दारात उभी करणार नाही आणि तुलाही नाही. भेटायचं असेल तर तिच्या घरी भेटा.

हे पत्र मी माझ्या मनाने लिहायला घेतलेलं नाही. काल संध्याकाळी अमृत इथे आला. गेल्या पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने मला तुझा पत्ता विचारला. म्हणाला, "अक्का, तू लिख. माले त्याना समोर बोलता येनार नही." मी सकाळपासून लिहिते आहे आणि तो बाहेरच्या खोलीत, तुझी आई तुझी वाट बघत बसते त्याच खुर्चीवर बसला आहे. मी काय लिहिते ते त्याने एकदाही विचारलं नाही. विहिरीवरचं लिहू का, एवढं मी विचारलं. मान हलवून हो म्हणाला.

उद्या रविवार, तुला सुट्टी. पहाटेच्या बसने तो साक्रीमार्गे निघेल, दुपारपर्यंत तुमच्या बिल्डिंगपाशी पोहोचेल. पत्र मी त्याच्याच हाती देते आहे, तुला ते वॉचमनने आणून दिलं असेल, कारण आधी तू वाचावंस आणि मग ठरवावंस असं त्याचं म्हणणं. तू बोलावलंस तर वर येणार. नाही बोलावलंस तर संध्याकाळच्या बसने परत फिरणार, आणि घरात कोणाला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं त्याने मला शपथ घालून सांगितलं आहे. मी त्याला समजावलं की फोन करून जा. म्हणाला, फोनवर नाही म्हणणं सोपं असतं, तिथेही त्याला तेवढंच सोपं पडो, पण मी तिथे असलो पाहिजे.

म्हणजे तू हे वाचतो आहेस तेव्हा तुझा काका खाली फाटकासमोर बसला आहे. सकाळपासून त्याने काही खाल्लेलं नसणार, मी त्याला ओळखते. पुढे वाचण्यासारखं मी काही लिहिलेलं नाही. ऊठ, चप्पल घाल आणि खाली जा.

तुझी आत्या आणि त्याची अक्का,
रत्ना